पेरू कुठे घातलाय?

बडोद्याच्या घडियाळी पोळीत आमचं घर आहे, असं पुण्यात सांगितलं की ऐकणारा क्षणभर गप्प होतो. पोळ म्हणजे जुन्या शहरातली चिंचोळी गल्ली, हे त्याला ठाऊक नसतं. त्याच्या डोळ्यांपुढून गूळपोळी, पुरणपोळी, सांज्याची पोळी सरकत जातात आणि ही घडियाळी पोळी आपल्याला आजवर कुणी वाढली कशी नाही, असा भाव चेहऱ्यावर येतो. मी तो गैरसमज दूर करत नाही. मांडवीपासून हाकेच्या अंतरावर, अंबामातेच्या देवळाच्या शेजारानं राहणाऱ्या आमच्या पोळीचा कारभार तसाही जिभेवरच चालतो.

आणि जिभेच्या बाबतीत आम्ही बडोद्याचे मराठी लोक ना इकडचे ना तिकडचे. आमच्या घरची आमटी पुण्याच्या मेहुणीनं चाखली की ती म्हणते, "छान आहे हं, पण ही गुजराती दाळ झाली." तीच आमटी समोरच्या घरातल्या मोटाभाईंकडे वाटीतून गेली की निरोप येतो, "सरस छे, पण मराठी दाळ बहु खाटी." पातेलं एक, चिंच एक, गूळ एक. १९६० मध्ये मुंबई राज्याची वाटणी झाली तेव्हा डांग कुणाचं, उंबरगाव कुणाचं, यावर पुष्कळ भांडणं झाली. आमच्या आमटीचा प्रश्न मात्र कुणी टेबलावर घेतला नाही. तो अजून लोंबकळतोय.

त्याच वाटणीत मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा दोन्ही भावांच्या वाट्याला आला. गुजरातनं तो देव्हाऱ्यात ठेवला, महाराष्ट्रानं माळ्यावर. माळ्यावरचा कायदा अजून दारूबंदीच्याच नावानं नांदतो, आणि खाली दिवाणखान्यात त्याच राज्यानं २००१ साली द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणून वाईनसाठी पाट-रांगोळी केली. तोवर राजीव सामंतांनी नाशिकला, कुटुंबाच्या जमिनीवर, वाईनची द्राक्षं लावून झाली होती. आई सुलभा, म्हणून कंपनीचं नाव 'सुला'. तिची पहिली बाटली २००० साली बाजारात आली. पाठोपाठ गंगापूर धरणाच्या आजूबाजूला आणि दिंडोरीच्या रस्त्याला वायनऱ्या उगवल्या, आणि देवदर्शनाला नाशिकला जाणारे बडोदेकर एकाएकी फार भाविक झाले.

तसं नाशिकशी आमचं नातं जुनं. सयाजीराव महाराज मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. १८७५ मध्ये त्यांना दत्तक घेऊन गादीवर बसवलं, तेव्हा ते बारा वर्षांचे होते. नाशिकनं बडोद्याला एक राजा दिला. त्याची परतफेड म्हणून बडोदेकर हल्ली शनिवार-रविवारी नाशिकला जाऊन तिथल्या अर्थव्यवस्थेला हातभार लावतात, एवढंच म्हणतो.

आम्ही गेलो ते मात्र खरोखर लग्नाला. मावशीच्या नातवाचं लग्न होतं. मी, ही, पुण्याहून आलेली मेहुणी, आमच्या थोरल्या काकू म्हणजे माई, आणि मोटाभाई. मोटाभाईंचा लग्नाशी काही संबंध नव्हता. गाडी त्यांची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळींनी वायनरीचा बेत काढला. मी माईंना म्हटलं, "माई, तिथे वाईन असते. तुम्ही आपल्या हॉलवर आराम करा."

"का? तुम्ही काय प्रवचनाला निघालाय?" असं म्हणून एकोणऐंशी वर्षांच्या माई चपला घालून गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

माईंबद्दल दोन गोष्टी आधी सांगायला हव्यात. एक, आमच्या पोळीत दिवाळीला फराळाची स्पर्धा होते आणि चाळीस वर्षं त्या तिच्या परीक्षक आहेत. त्यांच्या निकालामुळे तीन घरांत अबोला आहे, पण निकाल चुकला असं त्या तिन्ही घरांतलं कुणी म्हणत नाही. दोन, वैद्यांनी सांगितल्यापासून त्या दोन्ही जेवणांनंतर द्राक्षारिष्ट घेतात. दोन चमचे द्राक्षारिष्ट, दोन चमचे पाणी. मनुका, गूळ, धायटीची फुलं, दालचिनी, वेलची, तमालपत्र, नागकेशर, पिंपळी असं सगळं त्यात आंबलेलं असतं. मद्यार्क त्यात बाहेरून घालत नाहीत, आंबताना तो आपोआप तयार होतो आणि बाटलीवर तसं छापलेलंही असतं. थोडक्यात, आमच्या गाडीत द्राक्षाच्या आंबवलेल्या रसाचा रोजचा अनुभव असलेली व्यक्ती एकच होती आणि तिलाच आम्ही हॉलवर ठेवून जाणार होतो.

असा बेत निघणारच या अंदाजानं मी स्वतः आठवडाभर अभ्यास करून गेलो होतो. पेला कसा धरायचा, गोल कसा फिरवायचा, नाक कुठवर घालायचं, सगळं पाठ होतं. कोणत्या वासाला काय म्हणतात याची यादी खिशात होती. १९८४ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात ॲन नोबल या बाईंनी वाईनच्या वासांचं एक चक्रच काढलं. त्यात फळं, फुलं, मसाले, माती अशा पाकळ्या असतात. ते चक्र मी मोबाईलवर उतरवून घेतलं होतं. पत्रिकेतल्या ग्रहांपेक्षा त्यात घरं जास्त होती.

वायनरीत एका लांब टेबलाशी आम्हाला बसवलं. प्रत्येकापुढे सहा पेले, एक कागद, आणि मधोमध एक स्टीलचं भांडं. वाढणारा मुलगा दिंडोरीकडचा, घरची द्राक्षबाग असलेला, बोलायला गोड. त्यानं कागद समजावला: रंग, वास, चव आणि 'शेवट', म्हणजे घोट गिळल्यावर मागे काय उरतं ते. एकूण गुण वीस. ही वीस गुणांची पद्धतही डेव्हिसचीच, १९५९ सालची. मग तो म्हणाला, "यात बरोबर-चूक असं काही नसतं. तुम्हाला जे वाटतं ते लिहा."

"बरोबर-चूक नसतं तर मार्क कशाला?" माईंनी विचारलं.

मुलगा हसला. परीक्षा त्याची सुरू झालीय, हे त्याला अजून कळलं नव्हतं.

"आणि हे भांडं?"

"हे थुंकण्यासाठी, आजी. सगळं प्यायलं तर चव कळेनाशी होते. म्हणून घोट तोंडात घोळवायचा आणि यात..."

"म्हणजे तस्त," माई म्हणाल्या. "पान खाऊन थुंकायला घरोघरी असायचं. पण तेव्हा लोक खाऊन झाल्यावर थुंकायचे. विकत घेतलेलं न खाताच थुंकायचं, ही सुधारणा नवीन दिसते."

पहिला पेला सोव्हियों ब्लांचा होता. मुलगा म्हणाला, "यात तुम्हाला पेरू लागेल, हिरवी ढोबळी मिरची लागेल आणि नुकतंच कापलेलं गवत."

मोटाभाईंनी पेला उजेडात धरून निरखला. "पेरू कुठे घातलाय?"

"घातलेला नसतो, काका. वास येतो."

"मग बिलात पेरू लावत नाही ना?"

मेहुणीनं नाक घातलं आणि थोडं मागे घेतलं. माझ्या यादीत या वाईनच्या आणखी एका वासाचं नाव होतं. जाणकार फ्रेंच लोक त्याला कौतुकानं मांजराच्या मुताचा वास म्हणतात. मी ते वाचून दाखवलं. मोटाभाई म्हणाले, "आपल्या जिन्याखाली रोज मिळतो, फुकट."

दुसरी शेनँ ब्लां, किंचित गोडसर. तिसरी रिझलिंग. ऊन भरपूर खाल्लेल्या द्राक्षांच्या रिझलिंगला मुरल्यावर रॉकेलचा वास येतो आणि दर्दी लोक तो आवर्जून शोधतात, असं माझ्या टिपणात होतं. तेही मी सांगितलं. यावर माई इतका वेळ माझ्याकडे बघत राहिल्या की मला रेशनच्या रांगेत उभं असल्यासारखं वाटायला लागलं. "अरे, डबा घेऊन दोन-दोन तास रांगेत उभ्या राहायचो आम्ही," त्या म्हणाल्या, "आणि घरी येऊन तो वास जावा म्हणून हात राखेनं घासायचो. त्याला हे लोक पैसे मोजतात?"

मग 'ड्राय' शब्द आला आणि मोटाभाई सावरून बसले. गुजरातच्या माणसाला तो शब्द घरचा. "ड्राय एटले?"

"ज्यात साखर उरलेली नाही अशी, काका."

मोटाभाईंनी कायद्याचा क्षणभर विचार केला. "तो पछी ड्राय स्टेटमां ड्राय वाईननी छूट होवी जोईए ने!"

या मुद्द्यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

खरं सांगायचं तर त्या मुलाची अडचण भाषेची होती. बिचारा 'क्रिस्प', 'फुल-बॉडीड', 'लाँग फिनिश' असं इंग्रजीतून पाठ केलेलं म्हणत होता आणि माई शेजारी बसून त्याचं मराठी करत होत्या. आंबटपणा जास्त झाला की आपले दात आंबतात. साखर जास्त झाली की गोडमिट्ट, कमी झाली की अगोड, दोन्हीच्या मध्ये अडकली की गुळमट. जीव नसलेलं ते सपक, पाणी झालेलं ते पाणचट, काहीच ठरत नसलेलं ते मिळमिळीत. वास बिघडला की कुबट, खवट, करपट, वाशेळा आणि आंबूस हे पाच वेगवेगळे गुन्हे आहेत, प्रत्येकाचं कलम निराळं. एवढा शब्दसंग्रह स्वयंपाकघरात रोज खर्च करणाऱ्या समाजाला वाईन चाखायला इंग्रजी यादी खिशात घालून जावं लागतं, हे त्या टेबलावर मला पहिल्यांदा जाणवलं. यादी मी हळूच घडी घालून आत सारली.

पाचवी शिराझ. लाल, गडद. माईंनी घोट घेतला, तोंडात फिरवला, आणि शांतपणे पेल्यात चमच्यानं पाणी घालायला लागल्या. मुलगा हादरला. "आजी, पाणी नाही घालायचं!"

"समभाग घालायचं असतं," माई म्हणाल्या. "जेवणानंतर असेल तर."

मुलाला ठाऊक नव्हतं, पण माई एकट्या नव्हत्या. प्राचीन ग्रीक लोक वाईनमध्ये पाणी मिसळूनच पीत आणि निखळ पिणाऱ्याला रानटी समजत. पाणी घातल्यावर माईंनी पुन्हा चाखली आणि सांगायला सुरुवात केली. "जांभूळ खाल्ल्यावर जीभ धरते तसं धरतंय. साल आणि बी दोन्हीचा तुरटपणा आहे. मागून मिरी. आणि लाकूड. नव्या कपाटाचं."

मुलगा आता नीट उभा राहिला. तुरटपणा येतो तो टॅनिनमुळे. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि तोंड कोरडं पडतं. जांभूळ, सुपारी, कच्चं केळं आणि जास्त उकळलेला चहा यांचं कामही तेच. शिराझमधला मिरीचा वास तर काळ्या मिरीत असतो त्याच द्रव्याचा. लाकूड म्हणजे ओकचं पिंप. यातलं काही माईंना कुणी सांगितलेलं नव्हतं. मी आठवडाभर वाचून आलो होतो आणि माझ्या कागदावर होतं, 'छान, लाल.'

मग ती घटना घडली. मुलानं शेवटून दुसरी म्हणून एक जास्तीची बाटली उघडली. जुनी, बुचाची, खास आमच्यासाठी. मी नाक घातलं. एक ओलसर, गूढ, खोलवरचा वास आला. याच क्षणासाठी मी अभ्यास केला होता. मी डोळे मिटले आणि म्हणालो, "मृद्गंध! पहिल्या पावसाचा!" कागदावर वीसपैकी अठरा टाकले. हिनं माझ्याकडे पाहून सतरा टाकले. मेहुणीनं पुण्याची असल्यामुळे साडेसतरा.

माईंनी पेला नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. "ही बिघडलीये."

"बिघडलेली नाही माई, हा तिचा स्वभाव आहे."

"स्वभाव नाही. भिजलेलं गोणपाट गच्चीवर राहिलं की येतो तो वास आहे. फळ मेलंय यातलं. मगाचची मला आवडली नव्हती, पण ती धडधाकट होती. ही आजारी आहे."

मुलानं हुंगलं. त्याचे कान लाल झाले. बुचाला धरलेल्या बुरशीतून कधीकधी एक द्रव्य वाईनमध्ये उतरतं. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी सगळी बाटली कुबट करून टाकतं. प्यायल्यानं अपाय होत नाही, अपमान होतो. मुलगा "सॉरी आजी" म्हणून बाटली घेऊन आत गेला आणि दुसरी घेऊन आला. माझा अठरा गुणांचा पहिला पाऊस त्या तस्तात गेला.

सहावा पेला उशिरा तोडलेल्या द्राक्षांचा. वेलावर जास्त दिवस राहिल्यानं साखर दाट झालेली. मोटाभाईंनी एक घोट घेतला, डोळे चमकले, "आ बराबर छे!" त्यांनी वीसपैकी पंचवीस दिले आणि हिच्यावर थोडी रबडी मिळेल का, अशी चौकशी केली.

शेवटी कागद गोळा करताना मुलगा माईंच्या कागदाशी थबकला. माईंनी पट्टी नसताना हातानं सरळ रेघ मारून आणखी एक रकाना वाढवला होता. पहिल्याला नाव 'कशी आहे'. दुसऱ्याला 'मला'. शिराझ: कशी आहे सोळा, मला चार. शेवटची गोड: कशी आहे चौदा, मला पंधरा. पाणी घातलेल्या शिराझची वेगळी ओळ: कशी आहे दहा, मला अकरा.

"आजी, सोळा दिले आणि आवडली नाही?"

"कारलं मला आवडत नाही," माई म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून नाही. पण कारलं चांगलं झालंय की करपलंय, हे मला कळायला नको? आवडीनं मार्क द्यायचे तर परीक्षक कशाला? घरातलं लहान मूलही देईल. आणि आवड सोडूनच द्यायची तर जीभ कशाला?"

मुलानं तो कागद मागून घेतला. वायनरीत अजून असेल.

परतीच्या वाटेवर वणीला सप्तशृंगीच्या दिशेनं हात जोडून झाल्यावर मी माझी बाजू मांडायला घेतली. माणसाला हरल्यावर जगाचे दाखले आठवतात. मी म्हटलं, "माई, मोठमोठे फसतात. बोर्दोला २००१ मध्ये वाईनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाईनमध्ये बिनवासाचा लाल रंग घालून दिला. सगळे तिचं वर्णन लाल वाईनच्या शब्दांत करत बसले."

"पिवळा रंग घातलेलं श्रीखंड केशरी म्हणून खपतंच की," माई म्हणाल्या. "त्यासाठी बोर्दोला जायला नको. चुलत सासूबाई करायच्या."

"बरं, कॅलिफोर्नियात रॉबर्ट हॉजसन नावाच्या निवृत्त प्राध्यापकानं स्पर्धेतल्या परीक्षकांनाच तपासलं. त्याची स्वतःची वायनरी होती. एकाच बाटलीतली वाईन न सांगता तीनदा पुढे ठेवली. दरवेळी जवळपास सारखे गुण देणारे निघाले दहात एक. २००८ मध्ये छापून आलंय."

"पहिली चकली उपाशीपोटी आणि तिसावी भरल्यापोटी सारखी लागेल का? म्हणून मी मध्ये ताक घ्यायचे. आणि दर दहा ताटल्यांनी पहिली पुन्हा मागवायचे. ती त्याच जागी बसली नाही तर त्या दिवशी निकाल लावायचा नाही, सरळ घरी यायचं."

मी शेवटचं अस्त्र काढलं. १९७६ चा मे महिना, पॅरिस. स्टीव्हन स्परिअर या इंग्रज दुकानदारानं फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रान्सच्या आणि कॅलिफोर्नियाच्या वाईन नावं झाकून ठेवल्या. पांढऱ्यांत आणि लालांत, दोन्हीकडे पहिली कॅलिफोर्नियाची आली. निकाल ऐकल्यावर ओदेत कान या नामांकित परीक्षक बाईंनी आपला कागद परत मागितला.

माई यावर मात्र हसल्या. "आमच्याकडेही एकींनी मागितला होता. अनारसे त्यांच्या जावेचे निघाले. म्हणून मी पेन्सिलीनं लिहू देत नाही."

सापुताऱ्याला नाका लागला. गुजरातची हद्द. हवालदारानं गाडी थांबवली. माझ्या पायाशी आठवण म्हणून आणलेली एक रिकामी बाटली होती, मनी प्लांट लावायला. त्यानं ती उचलली, तोंड नाकाशी धरलं, किंचित फिरवली, पुन्हा नाकाशी धरली. आमच्या वायनरीतल्या मुलानं सांगितलेली सगळी पद्धत, क्रमानं. मग म्हणाला, "रेड छे ने?" दारूबंदीच्या राज्यात नाक कुणाचं तयार असतं, याचा उलगडा मला तिथे झाला.

पुढे त्याला माईंच्या पिशवीत बाटली दिसली. "बा, आ शुं छे?"

"दवा छे, भाई. जम्या पछी बे चमची."

त्यानं लेबल वाचलं. मद्यार्काचा उल्लेख वाचला. माईंकडे पाहिलं. माईंनी त्याच्याकडे फराळाच्या ताटलीकडे बघतात तसं पाहिलं. त्यानं बाटली दोन्ही हातांनी परत दिली.

घरी आल्यावर मला राहवेना. नाशिकला माझी जीभ परक्या मैदानावर हरली होती, घरच्या मैदानावर सामना व्हायला हवा होता. पुढच्या रविवारी मी तीन वाट्या मांडल्या. एकीत आमच्या घरची चिंच-गुळाची आमटी, एकीत मोटाभाईंकडची दाळ, एकीत मेहुणीनं तिच्या पद्धतीनं केलेली आमसुलाची आमटी. मोटाभाईंच्या दाळीतले शेंगदाणे चमच्यानं वेचून काढले, नाहीतर उत्तरपत्रिकेवर नाव लिहिल्यासारखं झालं असतं. वाट्यांच्या बुडाला चिकटपट्टीवर आकडे लावले. कागदावर माईंचे दोन रकाने आखले. पोळीतली पोरं गजांतून बघत होती.

मेहुणीनं सगळ्यात जास्त गुण दिले ते पहिल्या वाटीला. शेरा होता, 'अस्सल. याला म्हणतात आमटी.' पहिली वाटी आमच्या घरची होती, जिला ती वीस वर्षं गुजराती दाळ म्हणत आली. बूड उलटून दाखवल्यावर ती म्हणाली, "आज तुम्ही गूळ कमी घातलात."

मी तिसऱ्या वाटीला एकोणीस दिले. दोन्ही रकान्यांत. खाली लिहिलं, 'आमची! लहानपणची चव!' तिसरी वाटी मोटाभाईंकडची होती. दारात त्यांच्या घरच्या बा उभ्या होत्या. त्यांनी हे ऐकलं आणि त्या दिवसापासून आमच्याकडे रोज दाळ येते. घरात त्याबद्दल काही बोललं जात नाही. हिचं न बोलणं मात्र ऐकू येतं.

मोटाभाईंनी तिन्ही वाट्या चाखून पेन खाली ठेवलं. "नुसती दाळ कोण पितं? भात आणा." भात आला. तीन वाट्या तीन भातांवर गेल्या. तिन्हींना वीस.

माईंनी तिन्ही घरं बरोबर ओळखली, हे सांगायला नको. तिसरीला 'कशी आहे' सतरा, 'मला' नऊ. त्यापुढे, 'गोड, पण आपल्या जातीत उत्तम.' पहिल्या वाटीला, म्हणजे त्यांनी स्वतः केलेल्या आमटीला, 'कशी आहे' तेरा. 'हिंग मागाहून पडला. मीठ कणभर पुढे.' आणि 'मला' या रकान्यात वीसपैकी वीस.

"माई, तेरा आणि वीस?"

"तेरा तिचे," माई म्हणाल्या. "वीस माझे."

त्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे काय लिहायचं, हे कळायला मला नाशिकला जाऊन यावं लागलं. आमच्या आमटीचा साठ वर्षांहून जुना सीमाप्रश्नही त्या दिवशी माझ्यापुरता सुटला. ती महाराष्ट्राची की गुजरातची, हा पहिल्या रकान्याचा वाद आहे आणि तो तज्ज्ञांनी घालावा. दुसऱ्या रकान्यात ती घडियाळी पोळीची आहे.

वाचकहो, पुढे पेला येवो की वाटी, एवढी एक रेघ हातानं मारून ठेवा. आणि हा लेख तपासणार असाल तर पहिल्या रकान्यात काय द्यायचं ते खुशाल द्या. दुसरा भरण्याआधी मात्र थोडा भात घ्या.